कारखान्यात लावलेली पाण्याची बारी

मंदी आलेली मला सगळ्यांच्या आधी कळते, असं मी घरात बरीच वर्षं सांगत आलोय. बायकोचं म्हणणं, कळत असेल, पण तोंडातून बाहेर पडतं ते मंदी येऊन बसल्यावर. यावर मी काही बोलत नाही, कारण मागचा हिशोब तिच्या बाजूचा आहे.

मी चिकलठाण्याला मोटरसायकलची हँडलं बनवणाऱ्या एका कंपनीत टाइम ऑफिसला आहे. टाइम ऑफिस म्हटलं की लोकांना वाटतं, भिंतीवर मोठमोठी घड्याळं असतील. प्रत्यक्षात ती गेटच्या बाजूची एक खोली आहे, तिला एक खिडकी आहे आणि त्या खिडकीत मी आहे. कोण कधी आलं, कधी गेलं, कोण आलंच नाही, कुणाचं कार्ड नवीन करायचं, कुणाचं बंद करायचं, एवढंच माझं काम. सव्वीस वर्षं तेच करतोय. प्रमोशनचा विषय घरात निघाला की मी भाजीची तारीफ सुरू करतो.

पण या खिडकीतून एक गोष्ट फार चांगली दिसते. गाड्या खपायला लागल्या की आमच्याकडं हँडलांची मागणी वाढते. तेव्हा साहेब लगेच नवीन माणूस घेत नाहीत. आहेत त्यांनाच चार तास जास्त थांबवतात. तेवढ्यानं भागेनासं झालं की तिसरी शिफ्ट सुरू होते, आणि त्यानंतर कुठं ठेकेदाराला फोन जातो, माणसं पाठव म्हणून. ही ठेकेदाराची माणसं मशीनवर उभी राहतात आमच्या, पण कागदावर असतात त्याची. खप घटला तरी क्रम हाच. आधी ओव्हरटाइम बंद, मग तिसरी शिफ्ट बंद, मग ठेकेदाराला फोन, माणसं घेऊन जा. दोन्ही वेळेला माणसाचा नंबर मागून लागतो. म्हणून पेपरात 'बाजार सावरला' असं छापून येतं त्या दिवशी माझ्या खिडकीसमोर कुणीच नसतं, आणि 'मंदीची चाहूल' छापून येतं तेव्हा मी नवीन कार्डं करत असतो. एवढं दिसत असूनही माझे अंदाज चुकतात, ही खरी कमाल आहे.

काही वर्षांपूर्वी तेजी अशी आली होती की ठेकेदाराची जीप फुलंब्रीच्या बाजारापर्यंत माणसं शोधत जायची. तो खिडकीत वाकून मला म्हणायचा, "साहब, दो हाथ होना बस. बाकी मशीन सिखा देती." त्या तेजीत मी माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला त्याच फुलंब्रीकडच्या गावाहून बोलावून घेतलं. दाजी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण बहिणीचा नवरा म्हटल्यावर अहोजाहो आलंच. त्यांची थोरल्या भावाबरोबर एकत्र शेती होती. शेती एका घराला पुरायची, घरं झाली होती दोन. मी फोनवर कंपनीचं असं वर्णन केलं, की शेवटी दाजींनी विचारलं, "भाऊ, एवढं चांगलं हाय तर जागा रिकामी कशी राहिली?" तेव्हाच थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "तुमच्यासाठी ठेवलीय."

त्यांनी हर्सूलला खोली घेतली, कारण गावाकडची बस तिथूनच जाते. दोन्ही लेकरं तिथल्या शाळेत घातली. दाजींना ठेकेदारातर्फे पाइप वाकवायच्या मशीनवर घेतलं. त्या मशीनचं असं आहे, की पाइप चपटा व्हायच्या आधी बारीक आवाज करतो. तो आवाज काहींना वर्षभरात ऐकू येत नाही. दाजींना तिसऱ्या आठवड्यात ऐकू आला. साहेब एकदा त्यांच्या मागं दहा मिनिटं उभे राहिले आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "याला दिवाळीनंतर पर्मनंट करायचा विचार आहे."

विचार आहे, असं म्हणाले. मी बहिणीला फोन करून सांगितलं, पर्मनंट झाले. बहिणीनं गावाकडं सांगितलं. गावाकडं पेढे वाटले. पर्मनंट म्हणजे काय, तर खप घटला तरी त्या माणसाचं कार्ड बंद होत नाही. माझ्या बहिणीनं लेकरांची शाळा, गावाकडचा वाटा दिराला कसायला देणं, सगळं त्या एका वाक्यावर ठरवलं, आणि ते वाक्य साहेबांचं नव्हतं, माझं होतं.

दिवाळीच्या आधीच ओव्हरटाइम बंद झाला. मी घरी म्हणालो, जरा विश्रांती मिळेल लोकांना. मग तिसरी शिफ्ट गेली. दाजींनी मोटरसायकल घ्यायची ठरवली होती, रंगही ठरला होता, बहिणीला लाल पाहिजे होता. ती त्यांनी रद्द केली. ओव्हरटाइम नाही तर गाडी कशाला, सिटी बस हाय की, असं म्हणाले. मला त्यात शहाणपण दिसलं, आणि मी ते चार जणांना कौतुकानं सांगितलंही. आता वाटतं, की त्या महिन्यात आमच्या गेटमधून आत जाणाऱ्या किती जणांनी गाडी रद्द केली असेल! वाळूजला, शेंद्र्याला, जालन्याला किती जणांनी केली असेल! हँडल बनवणारा गाडी घेत नाही म्हणून हँडल खपत नाही, आणि हँडल खपत नाही म्हणून त्याचं काम जातं. सगळे शहाण्यासारखे वागत होते, आणि गाड्या शोरूममध्ये धूळ खात होत्या.

एका शुक्रवारी साहेबांनी मला आत बोलावलं. पाइप सेक्शनला ठेकेदाराची अकरा माणसं होती, काम राहिलं होतं सहांपुरतं. पाच नावांची यादी टाइप करायची होती. कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. आमच्याकडं रीतच आहे, शेवटी आला तो आधी जातो. मी रजिस्टर उघडलं. दाजी शेवटून तिसरे होते.

यादी सोमवारी लावायची होती. रविवारी बहीण आणि दाजी जेवायला गारखेड्याला आमच्याकडं आले. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. वरणभात होईपर्यंत ते जमलं.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत. म्हणाले, "भाऊ, एक इचारू का? तुमच्या घरच्या विहिरीला पाणी कमी झालं की काय करतेत?"

"बारी कमी करतात."

"म्हंजी ज्याला दिवसभर पाणी त्याला अर्धा दिवस. व्हय ना? हिस्सेदाराला कुणी म्हणतंय का, तू आता येऊच नको?"

"नाही म्हणत."

"मग हितं का म्हणतेत? काम कमी झालं तर सगळ्यांचंच थोडं थोडं कमी करा की. पाच घरं सुकी आन सहा घरं वली, ही कुठली रीत?"

माझे वडील आणि तीन चुलते यांची एकच सामाईक विहीर. मी लहानपणापासून ती बारी बघितली आहे. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत एकाचं पाणी. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की सगळ्यांची बारी सारखीच आखूड व्हायची. कुणाच्या बारीत लाइट गेली तर तेवढा वेळ पुढच्या फेरीत भरून द्यायचा. कुणी आजारी पडलं तर त्याच्या घरचं कुणीही येऊन मोटर चालू करायचं, कारण बारी घराची असते. भांडणं व्हायची, पण विहिरीवरून कुणी कुणाला कधी हाकललं नाही. सव्वीस वर्षं कारखान्याच्या दारात बसून मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

"दाजी बरोबर बोलतेत," बायको म्हणाली. "पण हे साहेबाला सांगायचं कुणी?"

तिघंही माझ्याकडं बघत होते. मी लोणचं घेतलं.

सोमवारी मी यादी न घेता साहेबांपुढं उभा राहिलो. साहेब पुण्याचे, आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळं त्यांची जास्त भीती वाटते. मी विहिरीपासून सुरुवात केली. त्यांनी मधे अडवलं नाही.

"कल्पना वाईट नाही," ते म्हणाले. "मला रोज सहा मशीनवर सहा माणसं दिसली पाहिजेत. अकरांतली कोणती, ते तुम्ही बघा. फक्त एक सांगून ठेवतो. माणसाला अर्धं काम दिलं, की जो सगळ्यात चांगला असतो तो पहिला जातो."

"साहेब, आमची माणसं तशी नाहीत."

"तुमची नसतील. पण दुसऱ्या कंपनीतले लोक बोलावतात ते चांगल्यालाच बोलावतात."

मला ते नकारात्मक बोलणं वाटलं. मी बाहेर आलो आणि पुठ्ठ्यावर तक्ता आखायला घेतला. अकरा नावं, सहा वार, कोण कधी येणार. विहिरीचे नियमही खाली लिहून काढले. मशीन बंद पडलं तर वेळ पुढच्या फेरीत मिळेल, वगैरे. तक्ता खिडकीला टांगला. अकराही जणांनी मान्य केला. ज्या सहांचं काम तसंही राहणार होतं त्यांनीही मान्य केला, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. त्यातले बहुतेक सगळे शेतीतून आलेले. त्यांना समजावून सांगावं लागलंच नाही.

पहिले तीन आठवडे सोन्यासारखे गेले. लोक खिडकीशी येऊन हात जोडायचे. एक जण तर गावाकडची ज्वारी घेऊन आला. मी घरी चालताना हात मागं बांधून चालायला लागलो. एकदा आरशासमोर उभा राहून 'मित्रहो' एवढंच म्हटलं, तर मागून बायकोचा आवाज आला, "अध्यक्ष महोदय, सिलिंडर आलंय, उचलून आत ठेवा."

मग बारीक कुरबुरी सुरू झाल्या. एकाचं म्हणणं, माझ्या दिवशी मशीन दोन तास बंद होतं. दुसऱ्याचं म्हणणं, एकच तास होतं, एक तास हा चहा पीत होता. मी दोघांच्या मधे बसून निवाडा करायचो, अगदी माझ्या थोरल्या चुलत्यासारखा. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

चौथ्या आठवड्यात पहिला माणूस गेला. सेक्शनमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात तयार हात. शेंद्र्याला एका कंपनीत त्याला पूर्ण आठवडा काम मिळालं. बाकीच्या कंपन्या माणसं काढत होत्या, पण असा हात कुणाला नको असतो? दहा-बारा दिवसांनी दुसरा गेला. तोही तिथंच, पहिल्यानं ओढून नेला. आमच्यात पहिला कोण, दुसरा कोण याची साहेबांनी कधी परीक्षा घेतली नव्हती. माझ्या तक्त्यानं ती घेतली आणि निकालही लावला. विहिरीचा हिस्सेदार आपला हिस्सा उचलून दुसऱ्या गावाला नेऊ शकत नाही. कामगार आपले हात घेऊन जाऊ शकतो. एवढा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता, आणि साहेबांनी सांगूनही आला नव्हता.

तिसरा नंबर कुणाचा, हे मला माहीत होतं. दाजी शिफ्ट सुटल्यावर खिडकीशी आले.

"भाऊ, शेंद्र्याहून फोन हाय. हप्त्याचे सगळे दिवस काम देतेत. मंगळवारपस्तोर सांगायचंय. जाऊ का?"

आता मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. "आणि इथलं पर्मनंट? साहेबांच्या मनात तुम्ही आहात. मंदी दोन महिन्यांत उठतेय, माझं ऐका. इथं बसून मी सगळं बघतोय."

"आन म्या गेलो तर बारी बी मोडंल," दाजी म्हणाले. "इचार माझाच होता. म्याच पळालो तर लोक काय म्हणतील?"

"तेच तर," मी म्हणालो.

खरं कारण असं, की मला माझा तक्ता मोडायला नको होता. पर्मनंटचं पत्र निघालं असतं तर माझ्याच टेबलावर टाइप झालं असतं, आणि ते झालं नव्हतं, हे मला माहीत होतं. दाजींनी शेंद्र्याला नकार कळवला. त्या आठवड्यात बहिणीनं माझ्याकडं पुरणपोळ्या पाठवल्या, भावानं चांगला सल्ला दिला म्हणून.

त्यानंतरची गोष्ट सांगायला मला अजून लाज वाटते, पण घरात ती इतक्या वेळा सांगून झालीय की आता लाजेला फारशी जागा उरली नाही. एका बुधवारी ज्याची बारी होती तो तापानं आजारी पडला. त्याचा भाऊ आला. चांगला चाळिशीचा माणूस, सिडकोत रिक्षा चालवायचा. खिडकीशी येऊन म्हणाला, "आज आमची बारी हाय. भाऊ तापलाय, म्हणून म्या आलो." आणि मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'बदली, भाऊ', आणि त्याला आत सोडलं.

मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही! त्याला वाटलं नाही, सेक्शनमधल्या बाकीच्या पाचांना वाटलं नाही. उलट एकानं त्याला बटण कुठलं दाबायचं ते दाखवलं. घरची बारी, घरचा माणूस आला. त्या दिवशी एका मॉडेलचं काम संपून दुसऱ्याचं सुरू झालं होतं, दोघांचा कोन वेगळा. रिक्षावाल्यानं दिवसभर इमानदारीनं जुन्या कोनात पाइप वाकवले. तपासणीला दोन माणसं असायची, त्यातलं एक मंदीत कमी झालं होतं. सगळा माल गाडीत चढला, पुढच्या कंपनीत पोचला आणि परत आला.

साहेबांनी रजिस्टर मागवलं. बोट ठेवून वाचलं, "बदली, भाऊ." मग रजिस्टर माझ्याकडं वळवलं.

"हा कुणाचा भाऊ?"

मी सांगितलं.

"तुम्ही त्याला मशीनवर जाऊ दिलंत. उद्या त्याचा हात गेला असता तर?"

विहिरीवर मोटरचं बटण दाबताना कुणाचा हात जात नाही, हे काही साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. मी मान खाली घातली. बारी त्याच दिवशी बंद झाली. दोघं आधीच गेले होते, उरले होते नऊ, काम सहांचं. तीन नावांची यादी टाइप करायची होती. मी ती टाइप केली. दाजींचं नाव तिच्यात सगळ्यात वर होतं.

मी साहेबांना एकदा म्हणून बघितलं, की हा हात बाकीच्यांपेक्षा चांगला आहे. ते म्हणाले, "मला माहीत आहे. पण रीत मोडून तुमच्याच पाव्हण्याला ठेवलं, तर उरलेले सहा उद्या काय म्हणतील?" तेही खरंच होतं. शेंद्र्याची जागा तोवर भरली होती. फोन केला तर आमच्याकडून सगळ्यात आधी तिथं गेलेला तो म्हणाला, "अवो, हितंबी आता दार लावलंय."

दाजी दोन-तीन महिने कंपन्यांच्या गेटवर फिरले. सगळीकडं एकच उत्तर होतं, कारण सगळ्यांच्या हँडलांचं, सीटांचं, आरशांचं गिऱ्हाईक एकच होतं. मग ते मजूर अड्ड्यावर उभे राहायला लागले. आमच्या कंपनीची बस सकाळी त्या अड्ड्यावरून जाते. मंदीत तिथं गर्दी वाढलेली, आणि मिस्त्री मात्र कमी यायचे, कारण बांधकामंही थंड. पहिल्या दिवशी मला बसच्या खिडकीतून दाजी दिसले, हातात डबा घेऊन. त्यांनी मला बघितलं आणि हात वर केला, नेहमीसारखा, रस्त्यात पाव्हणा दिसल्यावर करतात तसा. दुसऱ्या दिवसापासून मी बसमध्ये पलीकडच्या बाजूला बसायला लागलो.

बहिणीनं माझ्याशी बोलणं सोडलं. भांडली असती तर बरं झालं असतं. मी फोन केला की भाची उचलायची आणि म्हणायची, "मामा, आई म्हणतेय, ती घरी नाही." मागून शिलाई मशीनचा आवाज यायचा. बहिणीनं शाळेच्या कपड्यांचं शिवणकाम घेतलं होतं.

माझे दोन महिने जवळजवळ वर्षाचे झाले. मधे मी चार वेळा मंदी उठवली. एकदा पोळ्याला, एकदा दसऱ्याला, आणि दोनदा नुसतं आकाशाकडं बघून. बायको म्हणाली, "तुम्ही काय सांगू नका. तुम्ही सांगितलं की ती घाबरून परत खाली बसते."

मंदी उठली तेव्हा माझा अंदाज नव्हताच. एके दिवशी साहेबांनी पर्मनंट लोकांना चार तास थांबवायला सांगितलं, एवढंच. दोन महिने नुसता ओव्हरटाइम चालला. मी एकदा धीर करून विचारलं, माणसं बोलवायची का. म्हणाले, "ऑर्डर टिकते का ते बघू. घेतलेला माणूस परत काढायला मलाही आवडत नाही." मी तोवर त्यांना फक्त काढणारा माणूस समजत होतो. त्याच सुमारास मी बसमध्ये पुन्हा अड्ड्याच्या बाजूला बसलो, तर दाजी तिथं दिसेनात. भाचीला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा शेंद्र्याला लागले ना, दिवाळीच्या आधीच. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. टाइम ऑफिसला बसून माझ्याच घरातला कोण कधी कामावर लागला, हे मला कळलं नव्हतं.

पुढं आमच्याकडूनही ठेकेदाराला फोन सुरू झाले. साहेब खिडकीशी आले. "तुमचे दाजी कुठं आहेत? पाइपवर तसा हात दुसरा मिळाला नाही. बोलवा त्यांना. तीन-चार महिन्यांत पर्मनंटचं बघू."

रविवारी मी हर्सूलला गेलो. बहिणीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. दाजी खाटेवर बसून लेकीच्या चपलेचा अंगठा शिवत होते. मी साहेबांचा निरोप सांगितला, जसाच्या तसा, 'बघू' सकट.

दाजींनी सुई थांबवली. "भाऊ, परत मंदी आली तर आधी कोण जाणार?"

"शेवटी आलेला."

"आन म्या आता आलो तर शेवटी कोण?"

"तुम्ही."

"हितं शेंद्र्याला माझ्या मागनं चौदा जण आलेत," ते म्हणाले, आणि पुन्हा शिवायला लागले.

बहीण दाराशीच उभी होती. वर्षभरानं माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "दादा, तू काय म्हणतोस?"

येताना बसमध्ये मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. साहेबांचा स्वभाव, बाजाराचा रंग, आपल्या हाताची किंमत. मी म्हणालो, "पर्मनंटचं पत्र माझ्या टेबलावर टाइप होतं. अजून तरी झालेलं नाही. बाकी मला काही माहीत नाही."

"चहा घेणार का?" तिनं विचारलं.

"घेतो."

सोमवारी मी साहेबांना सांगितलं, ते येत नाहीत. साहेबांनी कारण विचारलं, मी तेही सांगितलं. ते थोडं हसले, म्हणाले, "हिशोब बरोबर आहे," आणि ठेकेदाराला फोन लावला. त्या आठवड्यात आमच्याकडं सहा नवीन माणसं आली. कार्डं मीच केली.

दाजी शेंद्र्यालाच आहेत. पर्मनंट नाहीत. महिन्यातून एकदा दोघं आमच्याकडं जेवायला येतात, आता मोटरसायकलवर. लाल नाही मिळाली, काळी घेतली. मागच्या वेळेला आले तेव्हा मी विचारलं, "आता तुमच्या मागं किती?"

"एकवीस," दाजी म्हणाले. मग त्यांनी भाकरी मोडली. "पण भाऊ, एकविसावा जो हाय तो आपल्या फुलंब्रीकडचाच निघाला. दोन लेकरं हैत. काल मला इचारत होता, गावाकडचा वाटा भावाला देऊन टाकू का म्हणून. म्या काय सांगावं त्याला?"

बायको माझ्याकडं बघत होती, बहीणही. मी म्हणालो, मला सांगता येणार नाही, आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.